लाल म्हणजे थांबा

…नाही, नाही, तुम्हीच सांगा, लाल म्हणजे काय? थांबा! बरोबर ना? रस्त्यावर लाल दिवा लागला की गाडी थांबते, मशीनवर लाल दिवा लागला की मशीन थांबतं, मी वहीत लाल शेरा मारला की पोराचं खेळायला जाणं थांबतं… अख्ख्या जगाने लाल म्हणजे थांबा असं ठरवलेलं असताना या एका कॅमेऱ्यालाच काय शिंगं फुटली की लाल टिंब म्हणजे 'चालू'? आणि हे मला कुणी आधी सांगायला नको? पण सांगणार कोण! ज्याला विचारावं तो म्हणतो, "अहो सर, एक बटण तर दाबायचं. त्यात काय एवढं?"

तुम्हाला सांगतो, या 'त्यात काय एवढं'ने माझं जेवढं वाटोळं केलंय ना, तेवढं माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा केलेलं नाही! मी गणिताचा मास्तर. एकोणतीस वर्षं खडू खाल्लाय. माझ्या फोनमध्ये एकूण फोटो चौदा, त्यातले नऊ माझ्याच अंगठ्याचे. आणि एके दिवशी मुख्याध्यापिका बाई मला खोलीत बोलावतात, टेबलावर शाळेचा नवा कोरा कॅमेरा ठेवतात आणि असा मधाळ आवाज काढतात, "सर, शेवटच्या वर्गातल्या मुलांनी स्वतः गाणं केलंय हो! त्याचा छान व्हिडिओ तुम्ही काढायचा. शनिवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांना दाखवू." म्हटलं, बाई, मी? अहो, संगीताच्या बाई आहेत, चित्रकलेचे सर आहेत… "संगीताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आणि चित्रकलेच्या सरांचा हात थरथरतो. तुम्ही गणितवाले, तुम्हाला मशीन कळतं. त्यात काय एवढं?"

मी सरळ नाही म्हणणार होतो. देवाशप्पथ! पण मग त्या हळूच म्हणाल्या, "टकटक रविवारी चाललीय. आईची बदली झाली. पोरांना तिला हे द्यायचंय." …संपलं. पुढे मला नाही म्हणताच येईना.

टकटक म्हणजे कोण, तर आमच्या वर्गातलं एक कार्टं. दुसऱ्या बाकावर बसते, पोरांच्या बँडमध्ये ड्रम वाजवते आणि वर्गात हाताला लागेल ते वाजवते. बाक, डबा, कंपासपेटी, पुढच्या मुलीचं दप्तर… मी फळ्याकडे वळलो की मागे सुरू, टक-टक-टकाटक! मी वळलो की बंद. चेहरा असा, जणू सबंध आयुष्यात तिने कशाला बोट लावलेलं नाही. "सर, मी नाही वाजवत, ते आपोआप वाजतं." आपोआप! दोन वर्षांत मी तिच्या अकरा पेन्सिली जप्त केल्या. रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवल्यात. तर सांगायचा मुद्दा, ही पोरगी जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता की नाही? नाही झाला. कॅमेरा उचलला आणि निघालो.

बुधवारी शूटिंग. गाणं पोरांनी आधीच प्रयोगशाळेत दार लावून रेकॉर्ड केलेलं होतं, सुंदर! मला फक्त चित्र घ्यायचं होतं. स्पीकरवर गाणं लावायचं, पोरांनी ओठ हलवायचे, वाजवल्यासारखं करायचं. मी बटण दाबलं. लाल टिंब आलं. म्हटलं, अच्छा, म्हणजे अजून थांबलेला आहे. पुन्हा दाबलं, लाल गेलं. हां! आता चालू! "चला रे, सुरू!" गाणं झालं, बटण दाबलं, लाल आलं, शाब्बास, थांबला. याला म्हणतात तर्कशुद्ध विचार! एकोणतीस वर्षं हेच शिकवत आलोय मी!

आणि काय सांगू, मला चढलीच हो! पहिल्या वेळी नुसता उभा राहिलो. दुसऱ्या वेळी खुर्चीवर चढलो. तिसऱ्या वेळी जिन्यावर आडवा झालो, शिपाई वरून पाण्याची कॅन घेऊन येत होता तो म्हणाला, "सर, डॉक्टरांना बोलावू?" चौथ्या वेळी प्रयोगशाळेच्या टेबलाखाली शिरलो आणि मला बाहेर काढायला गिटारवाला आणि गाणारी असे दोघे लागले. सात वेळा, सात! पोरं घामाघूम, मी घामाघूम, टकटक त्या ड्रमवर अशी तुटून पडली होती की मी मनात म्हटलं, पोरी, वाजव, आज तुझी एकही काडी जप्त करणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले आणि ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसलो. आमच्या घरात एका भिंतीला कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी आमच्या हिचं शिलाई मशीन. ही बायकांचे कपडे शिवते, अख्खी गल्ली हिच्या मापात आहे. तर मी आधी एडिटिंग शिकवणारा एक व्हिडिओ लावला. त्यात एक पोरगेला माणूस, "नमस्कार मित्रांनो! आज आपण शिकणार आहोत एडिटिंग, आणि ते ए-क-द-म सोपं आहे!" मी चष्मा शोधेपर्यंत त्याने अख्खा सिनेमा कापून, जोडून, वर ढग सोडून, नावं टाकून संपवला! आणि शेवटी काय म्हणाला माहितीय? "बघितलं? त्यात काय एवढं?" म्हटलं, तूसुद्धा!

मग माझी चित्रं उघडली. पहिल्यात… चप्पल. माझी. आत माझा पाय. चालतोय. दुसऱ्यात गिटारवाल्याचं पाठमोरं डोकं, मागे मी ओरडतोय, "डबे बाजूला ठेवा!" तिसऱ्यात छत. गाण्याची एक ओळ नाही हो कुठे! पोरांनी ओठ हलवले की कॅमेरा बंद, पोरं थांबली की कॅमेरा चालू! सातच्या सात! माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा काढावं तर ड्रम सकाळीच सामानाच्या ट्रकमध्ये चढलेला, आणि टकटक आता येणार ती थेट शनिवारी दुपारी, निरोप घ्यायला!

मी डोकं धरून बसलो. म्हटलं, या पोरीला मी दोन वर्षांत काय दिलं? लाल शेरे! आणि जाताना काय देणार? माझी चप्पल! खरं सांगतो, मला रडूच यायला लागलं.

ही मशीनवरून बघत होती. तोंडात चार टाचण्या. टाचण्या तोंडात असतानाही ही स्पष्ट बोलते, पंचवीस वर्षांचा सराव. "कापड गेलं?"

"सगळं गेलं. नुसत्या चिंध्या उरल्यात."

"चिंध्या आहेत ना? मग गोधडी शिवायची. त्यात काय एवढं? सरका."

आणि बसली की हो शेजारी! "हे काय, हे इथे बदाम का उडतायत?" म्हटलं, दोन चित्रांच्या मध्ये बदाम टाकता येतात, तो माणूस म्हणाला. "जरीची किनार सगळीकडे लावत नाहीत. काढा. ही छताची चिंधी फेका. ती पोरगी काय करतेय तिथे, कठड्यावर? थांबा, ती ठेवा." म्हणून बघतो तर काय, गाणं थांबलं की माझ्या नकळत टकटक सुरू! कठड्यावर टकटक. रिकाम्या बादलीवर टकटक. शिपायाच्या पाण्याच्या कॅनवर टकटक. एका चित्रात तर ही बया माझ्यामागे हात पाठीशी बांधून, पोट पुढे काढून चालतेय, "शांतता! पेन्सिल इकडे!" …आणि बाकीची पोरं हसून लोळतायत. मी असा चालतो? हिला विचारलं. ही म्हणाली, "ती कमीच करतेय."

आणि एका चित्रात, कॅमेरा मी कुठेतरी भिंतीवर ठेवलेला असणार, टकटक एकटी जिन्यावर बसलीय. गुडघ्यांवर हळूहळू वाजवतेय. गाणारी येते, शेजारी बसते, डोकं टकटकच्या खांद्यावर टाकते. आणि टकटक एक हात आपल्या गुडघ्यावर, एक हात तिच्या गुडघ्यावर… वाजवतच राहते. माझा चष्मा धुकाळला. हिने टाचण्या काढून ठेवल्या.

मग ही म्हणाली, "गाणं लावून बघा यावर." लावलं. अहो, अंगावर काटा आला! ठोक्याला ठोका! बादली असो, कठडा असो, गुडघा असो, पोरगी दिवसभर तेच गाणं वाजवत होती! मी दोन वर्षं ज्याला गोंगाट म्हणत होतो ना, तो मुळी ताल होता आणि मला ऐकूच येत नव्हता. मग काय, मी गणित मांडलं, ठोके मोजले, हिने 'इथे कापा, इथे जोडा' सांगितलं, आणि शुक्रवारी रात्री शेवटचा टाका घातला.

शनिवारी हॉल खच्चून भरलेला. दिवे मालवले, गाणं सुरू झालं आणि पडद्यावर पहिलं काय? माझी चप्पल, ठोक्यावर चालणारी! हॉल फुटला. माझी नक्कल आली तेव्हा मुख्याध्यापिका बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पुढच्या रांगेत सापडला. आणि मग जिना आला… सगळे गप्प. त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज, टक… टक… टकाटक… खुर्चीच्या हातावर. मग शेजारच्या खुर्चीवर, मग सगळ्या खुर्च्यांवर, मास्तर, शिपाई, बाई, अख्खा हॉल! मीही! मी, ज्याने 'शांतता' हा शब्द झिजवला, तो दोन्ही हातांनी खुर्ची बडवत होतो!

संपल्यावर टकटक आली. डोळे लालबुंद. मी रबर लावलेला पेन्सिलींचा जुडगा पुढे केला. तिने घेतला, मोजला. "सर, बारा होत्या." म्हटलं, अकरा! मी गणिताचा माणूस आहे! तिने नुसतं बोट दाखवलं, बारावी माझ्या खिशाला लावलेली होती, सहा महिने मी तिनेच हजेरी मांडत होतो. दिली तीही. रडत रडत हसली कार्टी आणि जाता जाता दारावर वाजवून गेली, टक-टक-टकाटक.

आता गोड शेवट झाला ना? झाला असता! पण सोमवारी मुख्याध्यापिका बाई, पुन्हा तो मधाळ आवाज, "सर, आता प्रत्येक वर्गाला व्हिडिओ हवाय. पण अगदी तसाच हं, चुकून काढलेला!" महिना झाला, प्रयत्न करतोय. लाल म्हणजे चालू हे डोक्यात असं पक्कं बसलंय की बटण दरवेळी बरोबरच दाबलं जातं! पोरं बाहुल्यांसारखी उभी, ओठ हलतायत, ड्रम वाजतोय, सगळं कसं नीट… आणि त्यात जीव म्हणून नाही! चोपन्न वर्षं मी कुणी न मागता चुका केल्या आणि आता मागतायत तर एक जमत नाही. काल कंटाळून हिला म्हटलं, आता काय करू? हिने टाचण्या तोंडात धरल्या धरल्या माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाली,

"चूकच करायचीय ना तुम्हाला? त्यात काय एवढं?"