ओलं अंथरूण

बुसानच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या सोक्जाच्या मागे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बोलत होत्या.

“काय सांगतेस ओकबुन! सुनेनं तुला डायपर आणून दिले?”

“महिनाभर वापरायला लावले! रोज सकाळी अंथरूण ओलं. मी घसा फोडून सांगतेय, अगं, हे माझं नाही!”

“मग?”

“शेवटी मीच कारागीर बोलावला. त्यानं कानाला यंत्र लावून जमिनीचा आवाज ऐकला. खोली उबदार ठेवणारा, जमिनीखालून जाणारा गरम पाण्याचा पाइप नेमका माझ्या अंथरुणाखाली फुटलेला!”

“बघ! मुलानं माफी तरी मागितली?”

“तो कसला मागतोय! म्हणाला, ‘चला, सापडली एकदाची गळती.’”

“आणि सून?”

सोक्जाचा नंबर पुकारला गेला, पण ती जागची हलली नाही.

“तिनं नुसती मान फिरवली. माफी मागितली ती त्या कारागिरानं, जमीन फोडावी लागली म्हणून.”