सात लिटरची म्हैस

(कोल्हापूर, १९९८. कोर्टाबाहेर, चहाच्या गाड्यापाशी. भरमाप्पा, त्याची बायको अक्काताई आणि वकील.)

वकील : म्हणजे चार लिटरची म्हैस सात लिटरची म्हणून हंबीररावांच्या गळ्यात मारली. फायदा चार हजार, शिक्षा सहा महिने. भरमाप्पा, कशाला हा धंदा?

भरमाप्पा : चार न्हवं, साडेचार हजार. आदल्या सांजंची धारच काढू दिली न्हाई. सकाळी त्याच्यादेखत चरवी भरली, गडी खूश.

वकील : हळू. याच गाड्यावरची तुमची फुशारकी खालच्या कोर्टात पुरावा झाली. आता अपिलात मी म्हणणार, फसवणूक झालीच नाही.

अक्काताई : झालीच न्हाई की.

भरमाप्पा : तू गप. कायद्यातलं तुला काय कळतंय?

वकील : बोलू द्या. फी त्यांनीच भरलीय.

अक्काताई : त्या सांजंला धार काढली हुती मी.

भरमाप्पा : मी नको म्हणून सांगून गेलतो की!

अक्काताई : कास ठणकत हुती तिची. तुमची न्हवं.

भरमाप्पा : मग सकाळी सात लिटर आलं कुठनं?

अक्काताई : रोजच देत हुती. चार घरात, तीन डेअरीत. शेजारच्या झुंबरबाईच्या नावावर.

भरमाप्पा : किती दिवस?

अक्काताई : तिसरं वरीस.

वकील : थांबा. मग हंबीररावांकडे दूध आटलं कसं?

अक्काताई : माझ्याबिगर कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हवती. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवत्यात, तवा ही शिंगं रंगवून त्येंच्या फटफटीमागं पळत हुती. माझी हाक ऐकली नि आली की वळून. मग त्येंच्या मालकिणीला शिकवलं, कसं चुचकारायचं. आता देती सात.

वकील : हे आधी का नाही सांगितलंत?

अक्काताई : डेअरीतलं तीन लिटरबी सांगाय लागलं असतं.

वकील : सुटलात भरमाप्पा. हंबीररावांच्या बायकोला साक्षीला बोलावू. तुम्ही सात लिटरची म्हणालात, म्हैस सात देते.

भरमाप्पा : अपील मागं घ्या, सायेब.

वकील : काय?

भरमाप्पा : शिक्षा झाल्यापास्नं बाजारात वचक हाय माझा. हंबीररावाला गंडवणारा म्हणत्यात. सुटलो तर म्हणतील, ह्याला बायकूनंच तीन वर्सं गंडवला. सहा म्हयनं काय, जातील.

अक्काताई : आत तुमी बसणार. बाकीच्या जनावरांचं शेण कोण काढणार? अपील चालू ठेवा, सायेब. साक्षीला मीबी हुभी ऱ्हाते.

भरमाप्पा : कोर्टात काय सांगणार?

अक्काताई : खरं ते. तुमची लबाडी जमली न्हाई, माझी जमली.

भरमाप्पा : ...त्या दुधाचं पैसं कुठायत?

अक्काताई : पाटल्या केल्या.

भरमाप्पा : त्या तर म्हायेरच्या म्हणालीस.

अक्काताई : म्हणाले.

भरमाप्पा : हातात दिसंनात त्या.

अक्काताई : गेल्या आठवड्यात मोडल्या. सायबांस्नी द्यायला.

भरमाप्पा : म्हंजे सायबांची फी भरली कुणी?

अक्काताई : म्हशीनं.