घट्ट वरण

वक्तृत्वाचा कप काखेत मारून मी कामठीच्या बसच्या रांगेत उभी होते. कोणी तरी विचारावं म्हणून सारखी मागे वळत होते, पण मागच्या मायलेकींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. लेकीच्या हातात गृहविज्ञान कॉलेजची वही होती.

"आज काय शिकवलं वं बेबी कॉलेजात?"

"डाळी."

"अवं माय! डाळीसाठी कॉलेज लागते? मी गेली असती तं पहिला नंबर आणला असता."

"हो नं."

"मंग तोंड काहून पाडून राहिली?"

"माय, गावाले मजुरीत लाखोळीची डाळच भेटे नं आपल्याले?"

"लाखोळीच. तिचंच वरण अन् तिच्याच भाकरी. काहून?"

"मॅडम म्हणत होत्या, रोज पोटभर खाल्ली का माणसाचे पाय जातात. कायमचे."

"तुह्या बाबासारखे?"

"तसेच."

"हट! मंग आपले काहून नाही गेले? एकाच गंजात शिजलेलं तं खाल्लं सगळ्यायनं."

"थोडी खाल्ली तं नाही होत म्हणे."

मी पुढे सरकले; आई मात्र जागच्या जागीच उभी होती.

"माय, चाल नं. रांग सरकली."

"नांगर धरणारा माणूस म्हणून मी आधी त्यायलेच वाढत होती, बेबी. बुडाचं घट्ट वरण त्यायले, अन् वरचं पाणी तुले-मले."

"तुले काय मालूम होतं, माय?"

"त्यायले नको सांगजो."

"नाही सांगत."

"आजही म्हणतात, तुह्या त्या घट्ट वरणानंच मी जगलो."