शिंप्याची कात्री

एमआरआयच्या खोलीबाहेर एक तरुणी कानातली काढून नंबराची वाट बघत होती. म्हातारा शिंपी आणि त्याची बायको डॉक्टरांना भेटून शेजारी येऊन बसले.

“माझ्या डोक्यात नुसती पाण्याची पिशवी आहे, जन्मापासूनची. तिच्यामुळे काही होत नाही म्हणाले.”

“ऐकलं मी.”

“मग सुनेकडून माझी कात्री परत माग.”

“तुम्हीच दिलीत ना, ‘आता माझं काही खरं नाही’ म्हणत?”

“कॅन्सरची गाठ समजून दिली.”

“तिनं धार लावून आणलीय. पहिला कोटही बेतला.”

“कसा बेतलाय?”

“तुमच्याहून बरा.”

“मग राहू दे तिच्याकडे.”

“तुम्ही दुसरी घ्या. वापरायला आयुष्य पडलंय.”

तेवढ्यात शेजारच्या तरुणीचा नंबर पुकारला. तिनं कानातली शिंपिणीच्या हातात ठेवली.

“मावशी, जरा सांभाळा. मी परत मागणार आहे हं.”