उकळलेले पाहुणे

...आणि वर लोक मलाच विचारतात, 'पथ्य मोडलंत का?' अहो, पथ्य मोडायला तरी अंगात जोर नको का? तुम्हाला सांगतो, तीन वर्षं झाली, माझंच शरीर माझं यकृत कुरतडतंय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'तुमची प्रतिकारशक्ती यकृताला शत्रू समजते.' म्हणजे राखणदारानंच घर फोडायचं... आणि कशासाठी? तर माझं रक्षण म्हणून! भल्यासाठीच करतात हो सगळे!

मग स्टिरॉइडच्या गोळ्या. चेहरा असा सुजला, की सख्ख्या भावानं जिन्यात विचारलं, 'कोण पाहिजे आपल्याला?' त्या गोळ्या कमी व्हाव्यात, बास, एवढंच मागणं आहे माझं. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'आतड्यातल्या जंतूंचाही यात हात असावा. जोडीला सिनबायोटिक घेऊन बघू. पुडीत चांगले जंतू, आणि त्यांचं खाणंही. तीन महिन्यांनी रक्त तपासू, आकडे उतरले तर गोळ्या कमी.' घ्या! पाहुणे यायचे ते शिधा घेऊनच!

आता आमची ही. ऑपरेशन थिएटरात सिस्टर. अवजारं निर्जंतुक करण्यात अठ्ठावीस वर्षं गेली तिची. घरात कुणी नुसतं शिंकलं, तरी दाराच्या कड्या पुसत सुटते... आणि तिच्या हातात जंतूंची पुडी कुणी दिली? मी! रोज सकाळी पेला पुढे यायचा, वाफा निघताहेत, जीभ पोळतेय, आणि मी आपला मुकाट पितोय. म्हटलं, औषधच तसलं असेल. शिवाय करते ती भल्यासाठीच करते हो!

रिपोर्ट आला. आकडे जिथल्या तिथे! डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. 'पुडी कशात घेता?' ही ताठ मानेनं म्हणाली, 'उकळत्या पाण्यात. वर दहा मिनिटं झाकण. काही म्हणजे काही जिवंत राहत नाही, मॅडम!'

आणि बोलता बोलताच थबकली. मग हिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि इतकी वर्षं रक्त बघून न डगमगलेली बाई तिथंच खुर्चीत रडायला लागली. चिडायला हवं होतं मी. पण खरं सांगतो, खिशातला रुमालच पुढे केला मी. माझ्यासाठी इतकं लढणारं दुसरं आहे कोण?

आता पुन्हा पहिल्यापासून. गोळ्या तेवढ्याच, चेहरा हा असा, आणखी तीन महिने. पाणी गारच घालायचं, शपथ घेतलीय तिनं. फक्त पेला तेवढा उकळते. चिमट्यानं धरून माझ्यासमोर ठेवते, रिकामा, चटका बसेल असा... आणि मी रोज सकाळी, हातात पुडी घेऊन, त्या रिकाम्या पेल्यावर फुंकर मारत बसतो. बोलणार काय? भल्यासाठीच करते हो!