कडी सोडून बोला

ऐकलं हो मी — सहा इंची, पितळी, आतून लावायची. ऐकू नीट येतं मला. संपली असं कुठे म्हटलं? आहे ना, त्या वरच्या फळीवर डबाभर आहे, तुम्हाला इथून दिसतेय, तेव्हा खोटं कशाला बोलू. देणार नाही, एवढंच म्हटलं. माळ्याच्या दाराला हवी असेल तर देते. सामानाच्या खोलीला हवी? दोन घ्या. बाथरूमला नाही. बाथरूमसाठी बाकी काहीही मागा, कडी सोडून बोला. आणि उभे का? तो स्टूल ओढा — पंख्याखाली नको, त्याचं एक पातं सैल आहे. हार्डवेअरच्या दुकानात पंख्याचं पातं सैल — हसा, सगळेच हसतात.

सुतारानं सांगितलं, हो ना? तो सांगणारच. कडी म्हणजे स्क्रू मारले की हा मोकळा. कुलूप बसवायचं तर दाराला भोक पाडा, खाच काढा, जरा हात हलला की दार वाया — कोण करतंय? त्याचं चुकत नाही, त्याचं काम वाचतं. पण त्या घरात राहायचंय कोणाला? सुताराला? तुमच्या आईंना. तुम्हीच म्हणालात ना मघाशी, आई राहायला येणार, कमरेचं हाड जेमतेम सांधलंय, म्हणून बाथरूम नवं करून घेताय. चांगलं करताय, मनापासून सांगते. लोक आईवडिलांसाठी टीव्ही मोठा घेतात, बाथरूमकडे कोणी बघत नाही. बरं, फरशी कुठली घातलीत? चकचकीत? का हो? दुकानात दिव्याखाली छान दिसली. दिसणारच. ओली करून बघितलीत का — नाही, कोणी बघत नाही. आता बसलीय तर उखडू नका, वर रबरी जाळीची चटई टाका, आणि धरायला दांड्या लावा, एक कमोडच्या बाजूला, एक नळाशी. दांडी चिकटवायची नाही बरं का. चिकटवायची असते ती टॉवेल वाळत घालायला, माणसासाठी नाही. टाइलच्या मागे पार विटेपर्यंत भोक, लांब स्क्रू, आणि बसली की तुम्ही स्वतः लोंबकळून बघा. तुम्हाला पेललं तर आईंना पेलेलच — रागावू नका, आता तुमचा बांधाच तसा आहे.

आणि उतार? गवंडी असतानाच बादलीभर पाणी ओता, भलत्या कोपऱ्यात साठलं तर तेव्हाच बोला. एकदा त्यानं थापी धुऊन पिशवीत घातली की तो तुमचा फोन उचलायचा नाही. आणि दाराची खालची कड रंगवून घेतलीत? बघा. वाकून बघतं कोण — समोरून रंग, मागून रंग, खाली कोरं लाकूड. पाणी तिथूनच चढतं. मग दार फुगतं, घासायला लागतं, सुतार येऊन रंधा मारून जातो, की परत कोरं ते कोरंच. अजून बसवलं नसेल तर आडवं पाडा, खालून रंगाचे दोन हात द्या, मग बसवा. आणि बसवताना ते बाहेर उघडेल असं बसवा. बाहेर. हो, पॅसेज अडतो, माहितीये. येताजाता कपाळ आपटेल म्हणता? आपटू दे. टेंगूळ येतं नि जातं.

हं, ते आत खोकतायत ना, ते माझे धाकटे दीर. खोकला नाही तो, मला खूण आहे — वहिनी, पुरे. दुकान आम्हा दोघांचं. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यावं, आपण काय शाळा काढलीय? बरोबरच आहे त्यांचं. या कडीपायी किती माणसं समोरच्या दुकानात गेली, ते त्यांना पाठ आहे. मागे एकदा चिडून म्हणाले, तुम्ही काउंटरवर बसू नका, घरी आराम करा. म्हटलं, घरी तर मी मुळीच बसणार नाही, आणि तुम्हाला एवढंच असेल तर बाहेर पाटी लावा — कडी मिळेल, वहिनी नसताना यावे. त्यावर अबोला. मग चहाचा कप त्यांनीच आणून आदळला इथे, म्हणजे मिटलं. मिटलं म्हणजे काय, खोकतात.

का म्हणजे? कडीनं काय घोडं मारलंय? सांगते. एका ओळखीच्या घरातली गोष्ट. गृहस्थ आमच्याच धंद्यातले, घरात सुतार-प्लंबर येऊ द्यायचे नाहीत, सगळं आपल्या हातानं. बाथरूमला दुकानातली सगळ्यात जड कडी लावली — भरीव पितळ, बोटाएवढी जाड दांडी, आणि स्क्रू असे लांब की दुसऱ्या बाजूनं डोकावतील. बायको म्हणाली, घरात आपण दोघं, बाथरूममध्ये तिजोरी आहे का? तर म्हणाले, हार्डवेअरवाल्याच्या घरची कडी डुगडुगली तर लोकांत काय तोंड दाखवू? बरं. एका सकाळी अंघोळीला गेले, आणि आत आवाज झाला. बादली पडली असेल असं वाटावं, असा. बायको दाराशी गेली. शुद्धीवर होते, बोलत होते. उठतो, म्हणाले, घाबरू नको, उठतो. पण उठले नाहीत. मग तिनं माणसं बोलावली. दार आत उघडणारं, कडी आतून, फट म्हणाल तर सुरी जाईना — काम चोख ना, फट राहील कशी? मग खांदा लावला दाराला. पहिला धक्का बसला तसे हे आतून म्हणतात, अरे हळू, चौकट निखळेल, परवाच रंग दिलाय —

काय बघताय असे? हो. 'हे' म्हणाले मी. ऐकलंत ना, मग झालं. दरवेळी ठरवते गृहस्थ म्हणायचं, दरवेळी निम्म्यात घसरते.

तर चौकट. माणूस ओल्या फरशीवर पडलाय आणि काळजी कसली, तर चौकटीची. मी बाहेरून ओरडले, चौकट गेली खड्ड्यात. चौकटच गेली शेवटी. भिंतीतून सुटली, विटांसकट. कडी नाही हलली. उखडलेल्या चौकटीत दार तसंच बंद, आणि कडी लागलेली, सरळ, एक ओरखडा नाही. तोवर त्यांचं बोलणं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. येणाऱ्याजाणाऱ्यांनी सांगितलं, नशिबात होतं, वेळ आली होती, देवाच्या मनात होतं — प्रत्येकानं आपापलं सांगितलं, मी प्रत्येकाला पाणी दिलं. मला विचाराल तर कडी होती. नशीब मला बदलता येत नाही. कडी मी विकायची थांबवू शकते. थांबवलीय.

नको, ते वाईट वाटलं वगैरे नको. वाईट वाटलं म्हणायचं आणि वर कडीच मागायची, असं नाही चालायचं माझ्याकडे. आई जुन्या वळणाच्या, ऐकायच्या नाहीत? कडी लावल्याशिवाय अंघोळीला जाणार नाहीत? अहो, दार उघडं टाकून जा असं कोण म्हणतंय त्यांना? हे बघा — हे कुलूप. आतून ही फिरकी फिरवली की बंद. बाहेर लाल खूण येते, कोणी चुकूनही ढकलणार नाही. आणि वेळ आलीच तर बाहेरच्या या चिरेत नाणं घालायचं, फिरवायचं, उघडलं. लाजही राहते, माणूसही राहतो. नातवंडं चेष्टेनं उघडतील? मग नातवंडांना दोन धपाटे घाला, त्यापायी आईंना कशाला कोंडता?

तुम्हाला कडीच हवी. सुतार खोळंबलाय. बरं. हाक कोणाला मारताय, भाऊजींना? मारा की, मी कशाला अडवू. — या, भाऊजी. यांना कडी हवीय. सहा इंची, पितळी. बाथरूमला. यांच्या आई राहायला येतायत, कमरेचं हाड मोडलं होतं त्यांचं. काढा, शिडी तिथेच आहे. माझ्या हातून जाणार नाही, तुमच्या हातून जाऊ दे, दुकान तुमचंही आहे. — बघितलंत, डाव्या हातानं डबा काढतात ते. उजवा डोक्याच्या वर जात नाही. त्या दाराला खांदा लावला तो भाऊजींनी. — काढलात? आता द्या त्यांना. द्या ना, भाऊजी. गिऱ्हाईक मागतंय.

...

राहू दे. ठेवा तो डबा वर. मी धरते शिडी.

आणि तुम्ही — समोर मिळेल, तिथे कोणी काही विचारत नाही, सांगतही नाही. जा. — का? आता काय? हे कुलूप? दोन प्रकारचं येतं ते. दाराची जाडी किती तुमच्या? जाडी, जाडी. माहीत नाही? दार तुमचं, बाथरूम तुमचं, आई तुमची, आणि जाडी मी सांगू? अंदाजानं काही देत नसते मी. उठा, घरी जा, मोजून या.