फक्कीचं घर

(अमरावतीच्या कडेचा मोकळा प्लॉट. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलेलं. आखणी अजून चालू.)

वच्छला : अवं पोरी, भिंतीतून काहून घुसली? दार तिकडं हाय!

प्रणाली : आई, चुन्याची रेघ आहे ती.

वच्छला : आज रेघ, उद्या भिंत. आतापासून सवय लाव. सांगा हो हिले, उस्मानभाई.

उस्मान : ताई बराबर बोलून राहिल्या. पाय नको देऊ, बेटा. सुबेपासून कंबर मोडून आखलं मी.

वच्छला : हे माहं स्वयंपाकघर. इथून हात लांबवला का कढीपत्ता.

प्रणाली : कुठंय कढीपत्ता?

वच्छला : लावीन ना! अकोल्याच्या तिसऱ्या माळ्यावर, लॉकडाऊनात, तीन महिने मातीले पाय नाई लागला माहा. तुही मीटिंग सुरू झाली का माहा मिक्सर बंद. चटणी पाट्यावर वाटली मी, तेबी हळूहळू.

उस्मान : तेव्हापासून साऱ्यायलेच जमीन पायजे, ताई. पयले मी चौथ्या माळ्यावर लटकून पलस्तर करत होतो. आता सालभर झालं, शिडीच्या वर चढलो नाई. बँकवाले बी बदलले. पयले अशा बांधकामाले दहा चकरा मारायले लावत. आता सोताच फोन करतात.

प्रणाली : मला तर घरबसल्या कर्ज मंजूर केलं, चाचा. माझ्या पगारावर. पाया झाला की पहिले पैसे सोडतील.

वच्छला : (गुणगुणत) माह्या घराले बाई, चुन्याच्या चार भिंती, वारा येते-जाते, त्याले कोनाची भीती...

उस्मान : वा! आता ही कोपऱ्याची खोली तुही, बेटा. इथं टेबल, इथं खिडकी. घरूनच काम.

प्रणाली : चाचा, ती खोली नका आखू.

वच्छला : काहून वं?

प्रणाली : कंपनीनं बोलावलंय. एक तारखेपासून पुण्यात, ऑफिसात बसायचं.

वच्छला : कधी समजलं तुले?

प्रणाली : सोमवारी. सांगणारच होते. तर तू लिंबाचं रोप घेऊन आलीस.

उस्मान : मी जरा पानी पिऊन येतो.

वच्छला : बाहेर काहाले जाता? स्वयंपाकघरात बाटली हाय.

प्रणाली : आई, बँकेचा एक रुपया अजून उचलला नाही. अजून थांबवता येतं. एवढ्या घरात एकटी काय करशील तू?

वच्छला : तुले घरून काम देतीन का कधी?

प्रणाली : वर्षातून एखादा महिना.

वच्छला : मंग आखा, उस्मानभाई. हाय तेवढीच खोली. दार मात्र जाड लावा, मले मिक्सर चालवाचा हाय.

प्रणाली : एका महिन्यासाठी अख्खी खोली?

वच्छला : बाकीचे अकरा महिने दार उघडं ठेवीन.

उस्मान : आखू का, बेटा?

प्रणाली : आखा, चाचा... थांबा, ऑफिसचा फोन. इथं रेंज नाही, मी रस्त्यावर जाऊन बोलते.

वच्छला : अवं, तिकडून नको. दारातून जा, बाई. येतानी वळखीचं राहील.